चांदणी सिस्टर्सचा रशिया दौरा

सोळा दिवसांचा दौरा होता. त्यावर आम्ही चौघी गेली पस्तीस-छत्तीस वर्षं बोलतोय. दौऱ्याचे दिवस काही वाढत नाहीत, किस्से मात्र वाढतायत. कोणाकडे बारसं असो नाहीतर साठीशांत, जेवणं उरकली की एखादी भाची म्हणतेच, "मावशी, ते रशियाचं सांगा ना." मग एकीने सुरुवात करायची, दुसरीने "तसं नव्हतं गं ते" म्हणून अडवायचं आणि तिसरीने शेवट पळवायचा. मी ड्रम वाजवायचे, त्यामुळे मागे बसायची सवय. माझा शेवट नेहमी दुसरीच कोणीतरी घेऊन जाते. म्हणून या वेळी लिहूनच काढतेय. लिहिताना मध्ये कोणाला तोंड घालता येत नाही.

आधी आम्ही कोण ते सांगते. चांदणी सिस्टर्स हा चार मुलींचा ग्रुप. नावात सिस्टर्स असलं तरी कोणी कोणाची बहीण नव्हती. मंगल घाटकोपरची, ती गायची. फिलोमिना, म्हणजे आमची फिलू, मरोळची ईस्ट इंडियन ख्रिश्चन, तिच्याकडे गिटार. सुनंदा मुलुंडची, ती ऑर्गन वाजवायची. तिचे वडील बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात पेटीवर असायचे, ती त्यांच्याकडूनच शिकली. आणि मी कुंदा. चौघीही वीस-बावीसच्या.

मॅनेजर होते गावडेकाका. काका मालवणकडचे. पंचवीस वर्षं गिरणीत काढली, युनियनमध्ये होते, संपात गिरणी गेली आणि ते अंधेरीला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वॉचमन झाले. रविवारी इस्टेट बंद असायची. मालकाला विचारून त्यांनी आम्हाला पॅकिंगची शेड मिळवून दिली होती. खोक्यांच्या थप्प्यांमध्ये आमची प्रॅक्टिस चालायची. खोक्यांमुळे आवाज घुमत नाही, असं काका म्हणायचे. खरं म्हणजे त्यांना गेट सोडता येत नव्हतं.

०

लोकांना एक गोष्ट काही केल्या पटायची नाही, की मुली वाजवतात. गातात ते ठीक. पण ड्रम?

भांडुपला एका गणपती मंडळात आमचा कार्यक्रम होता. तिसऱ्या गाण्याला मंडळाचे सेक्रेटरी स्टेजवर चढले आणि मी वाजवत असतानाच माझ्या मागचा पडदा उचलून बघायला लागले. मागे भिंत होती. मग त्यांनी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, खाली वाकून स्टेजच्या फळ्यांखाली बघितलं. शेवटी काकांजवळ जाऊन हळूच म्हणाले, "वाजवणारी पोरं बसवलीत कुठे?"

काका म्हणाले, "पडद्याफाटी माझो जेवणाचो डबो आसा. तो काय वाजवीत नाय."

सेक्रेटरी हसले. पटलं असावं असं आम्हाला वाटलं. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी चौघींना नारळ दिले, सगळ्यांनी फोटो काढला. आणि जाता जाता माझ्या हातात पाचवा नारळ ठेवून ते म्हणाले, "हा तुमच्या ड्रमवाल्याला द्या."

मी घेतला. घरी त्याची चटणी केली.

०

आता मंगलचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

मंगलसारखा आवाज मी आमच्या उपनगरांत दुसरा ऐकला नाही, आणि मी ऐकायला बऱ्याच ठिकाणी गेलेय. पण एकदा एका कॉलेजच्या गॅदरिंगला तिने संथ गाणं घेतलं. पोरांना डिस्को हवा होता. दुसऱ्या कडव्यापर्यंतही तिला जाऊ दिलं नाही. टाळ्या पिटून, हुर्यो उडवून खाली उतरवलं. ती रडली नाही. रिक्षात माझा छोटा ड्रम मांडीवर घेऊन बसली, पार घाटकोपर येईपर्यंत.

गाणं तिने सोडलं नाही, पण तेव्हापासून तिने एक पद्धत काढली. दुसरं कडवं झालं की हात जोडायचे आणि आत निघून जायचं. लोकांनी उतरवायच्या आधी आपणच उतरायचं. तिसरं कडवं म्हणून काही असतं हे आम्ही विसरूनच गेलो. मी वाजवताना तिच्या हातांवर डोळा ठेवून असायचे. हात जुळले की मी शेवटचा ठोका मारायचा, फिलूने आणि सुनंदाने थांबायचं, असा आमचा नियमच झाला होता.

बोरिवलीला एका लग्नाच्या रिसेप्शनला तिने पहिल्याच ओळीत हात जोडले. आम्ही तिघी जागच्या जागी थांबलो. नवरानवरी बघत राहिले. मंगल मागे वळून म्हणाली, "अगं, डास मारला."

०

रशियाचं आमंत्रण काकांमुळे आलं. युनियनमधले त्यांचे एक जुने सोबती मैत्री संघाचं काम बघायचे. तेव्हा आपल्याकडचे कलाकार सोव्हिएत रशियात जायचे, तिकडचे इकडे यायचे. त्या वर्षी कामगारवस्तीतला एखादा लोककलेचा गट पाठवायचा, असं त्यांच्या कमिटीत ठरलं होतं. काकांनी आमचं नाव देऊन टाकलं. आम्हाला विचारलंही नाही.

एका रविवारी कमिटीचे एक साहेब आम्हाला बघायला शेडमध्ये आले. खादीचा झब्बा, जाड चष्मा. काकांनी त्यांना एका खोक्यावर बसवलं. आम्ही कोळीगीत घेतलं, पण आमच्या पद्धतीने. म्हणजे शब्द कोळ्यांचे, गिटार फिलूची आणि ठेका डिस्कोचा. साहेब बसल्या बसल्या पाय हलवत होते, ते मी बघितलं. गाणं संपल्यावर मात्र त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि गंभीरपणे विचारलं, "गावडे, हे लोकनृत्य आहे?"

काका म्हणाले, "लोक नाचतत मां? मगे लोकनृत्यच तां."

साहेबांनी थोडा विचार केला आणि फॉर्मवर तसंच लिहिलं.

आम्ही नाचत होतो खोक्यांमधून. मंगल एकटी शांत बसून होती. तिला अंधेरीला एका ऑफिसात टायपिस्टची नोकरी लागत होती. ती म्हणाली, "रशिया करून येऊ. मग मी बस. रविवारी पण नाही. मला आता परत कधी कोणी खाली उतरवायला नको."

मी म्हटलं, "तू वेडी आहेस." मंगल नसेल तर ग्रुप नाही, हे आम्हा तिघींनाही माहीत होतं. फिलूचा आवाज ठीक होता, सुनंदा बरी गायची, पण आमच्यासाठी कोणी थांबलं नसतं. आणि मला तर आठवड्यातला तो एक दिवस सोडला तर दुसरं काही आवडतच नव्हतं. मी घाबरले होते आणि त्याचा राग मी चार दिवस मंगलशी न बोलून काढला. हे तिला अजून आठवतं.

०

जायच्या आधी चारही घरांतून खायचं बांधून आलं. आमच्याकडून कुळथाची पिठी, मंगलकडून चिवडा, सुनंदाकडून शेंगदाण्याची चटणी आणि फिलूच्या आईकडून सुके बोंबील. फिलूने ते वर्तमानपत्रात, मग प्लास्टिकमध्ये, मग जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून गिटारच्या पेटीत घातले. "गिटार कोण उघडून बघतंय?" असं तिचं म्हणणं.

मॉस्कोच्या विमानतळावर त्यांनी फक्त गिटारच उघडून बघितली.

कस्टमचा माणूस साडेसहा फुटी. चेहऱ्यावर काही नाही. पेटी उघडली तसा वास आला. आमच्या मागच्या रांगेतली माणसं दोन पावलं मागे सरली. त्याने पुडकं सोडलं, एक बोंबील दोन बोटांत धरला, उजेडात बघितला. मग हाक मारून आणखी एकाला बोलावलं. तोही आला, त्यानेही वास घेतला. दोघांचं काहीतरी बोलणं झालं. सुनंदा मला म्हणाली, "आता आपल्याला परत पाठवणार."

पहिल्याने बोंबील मोडला आणि कच्चाच तोंडात टाकला. आपण तो भाजल्याशिवाय खात नाही. तो मात्र डोळे मिटून चावत राहिला, आणि मग पहिल्यांदाच हसला. हाताने ग्लास धरल्यासारखं करून वर केला आणि आमच्याकडे भुवया उडवून बघितलं. म्हणजे याच्याबरोबर तेही आणलंय का!

फिलूने मान हलवून नाही म्हटलं, आणि आम्हाला म्हणाली, "हा पण मरोळचाच दिसतोय."

०

आमच्या दुभाषी बाईंचं नाव ल्युदमिला. आम्ही ल्युदाताई म्हणायचो. त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदी येत होतं, आणि तेही पुस्तकातून शिकलेलं. चहाला बोलवायचं तरी "कृपया चायपान हेतु पधारिए" म्हणायच्या. त्यांच्यासमोर आमचं हिंदी ऐकून आम्हालाच लाज वाटायची.

पहिला कार्यक्रम मॉस्कोत, एका कापड कारखान्याच्या कामगारांच्या हॉलमध्ये. थंडी म्हणजे काय ते तेव्हा कळलं. कार्यक्रमासाठी घाटकोपरच्या टेलरकडून शिवलेले चंदेरी चकाकते कपडे होते, पण काकांचा हुकूम होता की आतून स्वेटर घातल्याशिवाय स्टेजवर जायचं नाही. चौघी चंदेरी कागदातल्या पेढ्यांसारख्या दिसत होतो. माझे तर कोपर वाकत नव्हते.

पडदा उघडला. आम्ही वाजवतोय, मंगल गातेय आणि समोर आवाज नाही. शिट्टी नाही, फर्माइशीच्या चिठ्ठ्या नाहीत, मागे कोणाचं पोर रडत नाही. सगळे हात मांडीवर ठेवून बघतायत. सुनंदा ऑर्गनवरून वाकून म्हणाली, "कुंदा, ही शोकसभा आहे का गं?"

मंगलने प्रत्येक गाणं दुसऱ्या कडव्याला आटोपलं आणि टाळ्या सुरू व्हायच्या आत ती विंगेत. टाळ्या वाजल्या, पण रिकाम्या स्टेजला कोण किती वाजवणार? दीड तासाचा कार्यक्रम पन्नास मिनिटांत संपला. ल्युदाताई धावत आल्या. "अभी समय शेष है!"

कोणाला काही सुचेना. तेव्हा काका मफलर सारखा करत स्टेजवर गेले आणि त्यांनी मालवणी वळणाच्या हिंदीत मुंबईच्या गिरण्यांवर भाषण सुरू केलं. साचे, म्हणजे कापडाचे माग, कसे बंद पडले, चाळीत दिवस कसे काढले, बायकांनी घरं कशी चालवली. ल्युदाताई एकेक वाक्य रशियनमध्ये सांगत होत्या. हॉलमधल्या बऱ्याच जणी साच्यांवरच काम करणाऱ्या. काका थांबले तेव्हा एक म्हातारी वर आली आणि तिने त्यांना मिठी मारून फुलं दिली.

आमच्या पॉप ग्रुपच्या परदेश दौऱ्यातली पहिली फुलं अशी वॉचमनला मिळाली.

मंगल मात्र खोलीत आल्यावर म्हणाली, "बघितलंस? इथे पण त्यांना आपण नको होतो." मी म्हटलं, "तू त्यांना वेळ दिलास कुठे?" पुढच्या दोन गावांतही तिने तेच केलं. मी रोज ठरवायचे की आज तिला बोलायचं, आणि रोज गप्प बसायचे.

०

ताश्कंदला हवा बरी होती. स्वेटर निघाले.

तिथल्या हॉटेलात प्रत्येक मजल्यावर एक बाई टेबल मांडून बसलेल्या. बाहेर जाताना किल्ली त्यांच्याकडे द्यायची, आलं की मागून घ्यायची. आमच्या मजल्यावरच्या बाई पन्नाशीच्या, जाडजूड आणि कडक. फिलू एकदा किल्ली खिशात घेऊन गेली तर तिला जिन्यावरून परत बोलावलं.

काकांची आणि त्यांची मात्र गट्टी जमली. काकांनी खिशातून आपलं इस्टेटचं ओळखपत्र काढून दाखवलं. बाईंना ते वाचता येण्यासारखं नव्हतं, पण फोटोत काका युनिफॉर्ममध्ये होते. बाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी दुसरी खुर्ची आणली. त्या दिवसापासून आम्ही शहर बघायला गेलो की काका तिथे बसलेले. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. चहा प्यायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे सारख्याच संशयाने बघायचे.

आम्ही विचारलं, "काका, इतक्या लांब येऊन तुम्ही इथेच बसणार? शहर तरी बघा."

"बघूक काय? सगळी शहरां सारकीच," काका म्हणाले. "पण हिची पद्धत बरी नाय. सतराची किल्ली एकोणिसाच्या खिळ्याक लावल्यान हा. मी बदलून ठेवलंय."

०

ताश्कंदला हिंदी सिनेमाचं वेड आपल्यापेक्षा जास्त. रस्त्यात बायका आमचे हात धरून एका हिरोचं नाव घ्यायच्या. त्या वेळचा मोठा हिरो, नाव सांगत नाही. तो कसा आहे, लग्न झालं का, आईशी चांगलं वागतो का, सगळं विचारायच्या.

फिलूच्या मरोळच्या गल्लीच्या तोंडाशी एक शूटिंगचा स्टुडिओ होता. तिने ऐटीत सांगितलं, "उसका गाडी रोज हमारा गली से जाता है." ल्युदाताईंनी ते त्यांच्या भाषेत काय सांगितलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या दारात सहा बायका उभ्या. हिरोच्या शेजारणीला भेटायला. त्यांनी त्याच्यासाठी मनुका, अक्रोड आणि रेशमी कशिद्याची एक काळी टोपी आणली होती. टोपी एका आजींनी स्वतः भरलेली होती, बोटांवर सुईच्या खुणा दाखवल्या त्यांनी. फिलूचं तोंड उतरलं. खरं सांगायची तिची हिंमत झाली नाही, आणि आजींचा चेहरा बघून आमचीही झाली नाही.

मनुका आम्ही खाल्ल्या. टोपीचं काय करायचं ते कळेना. फिलूने मुंबईला आल्यावर खरंच दोन दिवस त्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहून बघितलं. गाडीची काच काही खाली झाली नाही.

पुढे काही वर्षं अंधेरीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटचा वॉचमन खाकी युनिफॉर्मवर रेशमी कशिद्याची टोपी घालून गेटवर बसायचा. मालकाने विचारलं तर सांगायचा, "हिरोची आसा. सांभाळूक दिल्यान."

०

शेवटचा कार्यक्रम ताश्कंदलाच. मंगलच्या आयुष्यातला शेवटचा. निदान तिचा तसा विचार पक्का होता. मेकअप करताना ती म्हणाली, "सोमवारपासून अंधेरी." मी तिच्या केसांना पिना लावत होते. एक मुद्दाम जोरात लावली.

हॉल मोठा होता, पण त्याहून स्टेज मोठं. आमची शेड दोनदा मावली असती. कार्यक्रम सुरू झाला. लोकांना आवडत होतं हे समोरून दिसत होतं, पण मंगल मान वर करून बघेल तर ना. एकेक गाणं दुसऱ्या कडव्यापर्यंत, हात जोडायचे की दिवे मंद व्हायचे, पुढचं गाणं. अशी पाच झाली. सहावं शेवटचं होतं. दुसरं कडवं संपलं, तिने हात जोडले, मी ठोका मारला आणि ती निघाली.

इतर ठिकाणी ती चार पावलांत विंगेत गडप व्हायची. इथे विंग लांब होती. ती अर्ध्यावर असतानाच टाळ्या सुरू झाल्या. आधी इकडून तिकडून, विस्कळीत. मग हळूहळू सगळ्या एका ठेक्यात आल्या. अख्खा हॉल आणि एकच ठेका. ठप, ठप, ठप, ठप.

आपल्याकडे असं कधी होतं, ते ज्यांनी गॅदरिंगं बघितलीत त्यांना माहीत आहे. नको असलेला गायक उतरवायचा असला की मागच्या रांगा अशाच एका ठेक्यात टाळ्या पिटतात. त्यापेक्षा शिट्ट्या परवडल्या. मंगलला त्या कॉलेजात अशाच टाळ्यांनी उतरवलं होतं. ठेकाही हाच होता. मी ओळखला, ठेके ओळखणं एवढंच तर मला येतं. फिलू पुटपुटली, "वाट लागली."

मंगल अर्ध्या वाटेतच थांबली. आमच्याकडे पाठ. आता ती पळणार आणि परत कधी आपल्याला दिसणार नाही, असं मला वाटलं. ती वळली. सरळ माईकपाशी आली, त्याची मान धरली आणि म्हणाली, "ए! ताली बंद करो. बहुत सुना मैंने ये ताली. आज मेरा आखरी गाना है. पूरा गाये बिना मैं इधर से हिलेगी नहीं. जिसको जाना है वो जाओ."

ल्युदाताई त्यांच्या माईकपाशी कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी एकदा मंगलकडे बघितलं आणि हळू आवाजात रशियनमध्ये काहीतरी सांगितलं. मंगलच्या बोलण्याच्या मानाने ते फारच थोडं होतं.

मग सगळा हॉल उठून उभा राहिला आणि दुप्पट जोराने त्याच ठेक्यात सुरू झाला.

मंगलने कमरेवर हात ठेवला. "अस्सं काय? बघतेच." ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे मी तसे कधी बघितले नव्हते. "कुंदे, तिसरं कडवं. आणि मध्ये कोणी थांबलात तर याद राखा."

तिने तिसरं कडवं गायलं. मला ते आठवत नव्हतं, मी नुसती तिच्यामागे जात होते. ते झालं तशी ती पाचव्या गाण्यावर गेली आणि त्याचं तिसरं कडवं घेतलं. मग चौथ्याचं. मग तिसऱ्याचं. कार्यक्रमात जेवढी कडवी गाळली होती तेवढी सगळी तिने उलट्या क्रमाने एकामागून एक गायली. सुनंदा पट्ट्या बदलता बदलता घामाघूम झाली. आणि शेवटी मंगलने कोणाला न विचारता ते कॉलेजातलं संथ गाणं सुरू केलं. मी काठ्या ठेवून मऊ वाजणारे ब्रश घेतले. फिलूने एकेकच तार छेडली. पुरं गाणं, शेवटच्या ओळीपर्यंत. मला रडू येत होतं आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

गाणं संपलं. परत ठप, ठप, ठप. मंगल जागची हलली नाही. कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत उभी राहिली. "हात दुखले की थांबतील," आम्हाला म्हणाली.

आम्ही तिघी सामान आवरायच्या निमित्ताने विंगेत आलो. ल्युदाताई रडत होत्या. मी विचारलं, "ताई, ये लोग ऐसा क्यों करते हैं?"

"यह हमारे यहाँ का सर्वोच्च सम्मान है," त्या म्हणाल्या. "जब दर्शक कलाकार को जाने नहीं देना चाहते."

"और मंगल बोली वो आपने क्या बताया?"

ल्युदाताई थोड्या लाजल्या. "मैंने कहा, कलाकार कहती हैं कि आपकी अनुमति के बिना वे मंच से नहीं जाएँगी."

आम्ही तिघींनी काकांकडे बघितलं. काकांनी विंगेतून मंगलकडे बघितलं. ती अजून तशीच उभी होती, एकटी, सगळ्या हॉलला पुरून उरलेली.

"कोणी तिका काय एक सांगूचा नाय," काका म्हणाले.

कोणी सांगितलं नाही. विमानात मंगल म्हणाली, "रशियन असोत नाहीतर आपले, दरडावलं की ऐकतात." सोमवारी ती अंधेरीला नोकरीवर गेली. रविवारी शेडमध्ये आली, सगळ्यांच्या आधी. मी तिला काही विचारलं नाही, घट्ट धरलं फक्त. ती म्हणाली, "सोड गं, साडी चुरगळेल."

मंगल हे वाचणार आणि मला फोन करणार. करू दे. काका आता नाहीत, आणि साठीला आलेल्या बाईला आता कोण खाली उतरवणार?

दौऱ्यानंतरचा पहिला कार्यक्रम घाटकोपरला, नवरात्रात. स्टेजवर बॅनर लावला होता, 'आंतरराष्ट्रीय ख्यातीच्या चांदणी सिस्टर्स'. मंगलने पहिलंच गाणं संथ घेतलं. मुखडा संपतो न संपतो तोच मागच्या रांगेतल्या चौघांनी एका ठेक्यात टाळ्या सुरू केल्या. पुढच्या खुर्च्यांवरचे लोक माना वळवून बघायला लागले. मी काठ्या घट्ट धरल्या.

मंगलने गाणं थांबवलं. माईक हातात घेतला, कमरेवर हात ठेवला आणि मागच्या रांगेकडे बोट करून म्हणाली,

"ए मागचे! ताश्कंदला अख्खा हॉल हेच करत होता, आणि तो पण उभा राहून. तुम्ही तर बसलायत. कुंदे, पहिल्यापासून घे."